खोडदची जुनी निरीक्षणे फोंड्यात वाचताना

आमच्या महाविद्यालयात पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो, आणि पदार्थविज्ञानाचे प्रकल्प बहुधा प्रयोगशाळेतल्या उपकरणांभोवतीच फिरतात. खगोलशास्त्राची मनापासून ओढ असलेले एक-दोन विद्यार्थी दरवर्षी असतातच. पण गोव्यातल्या फोंडा तालुक्यात जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत आकाश जवळजवळ दिसत नाही, आणि पावसाळा सरल्यावर लहान दुर्बिणीतून जे दिसते ते हौसेला पुरेसे असले तरी मोजमापाला पुरत नाही. म्हणून जीएमआरटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेडिओ दुर्बिणीने पूर्वीच केलेली आणि आता सर्वांसाठी खुली झालेली निरीक्षणे तिच्या संग्रहातून मागवावीत आणि त्यांवर विद्यार्थ्यांकडून काम करून घ्यावे, असे मी ठरवले. एका विद्यार्थिनीने आणि एका विद्यार्थ्याने हे काम घेतले. ती वाळपईची, तो पेडण्याचा. या कामात प्रतिमा कशी तयार करतात हे आम्ही शिकलो, पण त्याहून अधिक काळ आम्ही एका वेगळ्याच प्रश्नाशी झुंजत होतो. दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या हेतूने, काही वर्षांपूर्वी केलेले निरीक्षण आज आपल्याला वापरता यायचे असेल, तर त्याच्यासोबत नेमके काय काय जपलेले असायला हवे, हा तो प्रश्न होता. हे लेखन त्याच प्रश्नाविषयी आहे.

पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद परिसरात या दुर्बिणीचे ३० अँटेना पसरलेले आहेत. प्रत्येकाचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांतले १४ साधारण एक किलोमीटर लांबीरुंदीच्या मध्यवर्ती चौकोनात आहेत आणि उरलेले १६ तीन भुजांवर दूरवर आहेत, त्यामुळे संपूर्ण रचनेचा विस्तार २५ किलोमीटरांच्या घरात जातो. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेली ही दुर्बीण पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते, आणि २००२ पासून जगभरातले खगोलशास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवून तिच्यावर वेळ मागू शकतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनाला आमचे विद्यार्थी जाऊन आले होते, त्यामुळे जाळीच्या त्या प्रचंड थाळ्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या थाळ्यांतून संगणकात उतरणारा डेटा कसा असतो, याची कल्पना मात्र कोणालाच नव्हती.

ती आकड्यांतच द्यावी लागते. अशी दुर्बीण आकाशाचे छायाचित्र काढत नाही. ती अँटेनांच्या प्रत्येक जोडीने पकडलेल्या संकेतांचा गुणाकार नोंदवते. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. आमच्या संचासारख्या जुन्या, अरुंद पट्ट्याच्या निरीक्षणात प्रत्येक जोडीसाठी २५६ वारंवारता-खाने, म्हणजे पट्ट्याचे बारीक भाग, आणि दोन ध्रुवणे, म्हणजे लहरींच्या कंपनाचे दोन प्रकार, धरली, तर एका वेळी २,२२,७२० संमिश्र संख्या लिहिल्या जातात. ही नोंद सुमारे दर १६ सेकंदांनी होते, म्हणजे आठ तासांच्या निरीक्षणात चाळीस कोटी संख्या जमतात. दुर्बिणीच्या सुधारणेनंतर आलेल्या रुंद पट्ट्याच्या यंत्रणेत खाने हजारोंच्या संख्येत असतात. ८,१९२ खाने घेतले आणि दर आठ सेकंदांनी नोंद केली, तर तेवढ्याच आठ तासांचा पसारा चौसष्ट पटींनी वाढतो. या संख्यांतली एकही सुटी संख्या पाहून काही समजत नाही. ती कोणत्या जोडीची, कोणत्या क्षणाची, कोणत्या वारंवारतेची आणि त्या क्षणी दुर्बीण आकाशात कुठे रोखलेली होती, हे कळले तरच तिला अर्थ येतो.

संग्रहाचा नियम साधा आहे आणि मला तो न्याय्य वाटतो. ज्याचा प्रस्ताव मंजूर होऊन निरीक्षण झाले, त्याला अठरा महिने त्या डेटावर एकट्याचा हक्क असतो. त्यानंतर तो डेटा मागेल त्याला मिळतो. प्रस्ताव लिहिण्यासाठी ज्याने डोके शिणवले त्याला पहिली संधी मिळते, आणि सार्वजनिक पैशावर चाललेल्या दुर्बिणीचे निरीक्षण कोणाच्या कपाटात कायमचे अडकून पडत नाही. नोंदणी केल्यावर स्रोताचे नाव, आकाशातले स्थान, तारीख, वारंवारता किंवा प्रकल्पाचा संकेतांक देऊन शोध घेता येतो. प्रकल्पाच्या संकेतांकात आधी निरीक्षण-चक्राचा क्रमांक आणि मग प्रस्तावाचा क्रमांक असतो. वर्षात अशी दोन चक्रे होतात, एक एप्रिलपासून आणि दुसरे ऑक्टोबरपासून, त्यामुळे संकेतांकाचे पहिले दोन आकडे पाहूनच निरीक्षणाचा काळ ढोबळमानाने ओळखता येऊ लागतो.

आम्ही एबेल ३३७६ हा दीर्घिकासमूह निवडला. या समूहाच्या दोन विरुद्ध बाजूंना रेडिओ उत्सर्जनाचे दोन प्रचंड चाप आहेत, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले जॉयदीप बागची व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली ते अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीच्या साहाय्याने जगापुढे आणले. पुढे जीएमआरटीने कमी वारंवारतांवर केलेल्या त्यांच्या निरीक्षणांवरही संशोधन प्रसिद्ध झाले, म्हणजे आम्ही जे काढू ते पडताळून पाहायला छापील आधार होता. मला आणखी एका कारणाने हा समूह आवडला. त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, दक्षिण ४० अंश आहे, त्यामुळे खोडदहून तो क्षितिजावर जेमतेम ३१ अंशांपर्यंत चढतो, तर गोव्यातून साडेतीन अंश अधिक. जानेवारीच्या रात्री व्याध आणि अगस्त्य यांना जोडणाऱ्या रेषेच्या थोडे पश्चिमेला पाहिले की आपण त्याच दिशेने पाहत असतो, आणि फर्मागुढीच्या पठारावरून ती दिशा विद्यार्थ्यांना दाखवता येत होती.

शोध घेताना पहिला धडा नावांचा मिळाला. निरीक्षणाच्या वेळी स्रोताचे जे नाव निरीक्षकाने दिले, तेच नोंदीत राहते, आणि एकाच वस्तूला खगोलशास्त्रात अनेक नावे असतात. ययाती तारकासमूहातली एक प्रसिद्ध दीर्घिका एनजीसी १२७५ आहे, ३सी ८४ आहे आणि पर्सियस ए देखील आहे. आमच्या समूहाचे नाव कोणी संक्षेपात लिहिते, कोणी पूर्ण लिहिते, कोणी मध्ये जागा सोडते, कोणी सोडत नाही. म्हणून नावाने मिळालेल्या यादीवर न थांबता विषुवांश आणि क्रांती हे आकाशातल्या स्थानाचे दोन आकडे देऊन, भोवती पुरेशी त्रिज्या सोडून शोध घ्यावा, असे मी पहिल्या दिवसापासून सांगत आलो आहे. स्थानाला टोपणनाव नसते. तारखेचीही अशीच काळजी घ्यावी लागते, कारण दुर्बिणीच्या मूळ नोंदी भारतीय प्रमाणवेळेत असतात आणि खगोलशास्त्रातला बहुतेक व्यवहार जागतिक वेळेत चालतो. या दोन वेळांत साडेपाच तासांचे अंतर असल्याने पहाटे दोनला सुरू झालेले निरीक्षण जागतिक वेळेनुसार आदल्या दिवसाच्या तारखेत जाते. आम्ही आमच्या वहीत प्रत्येक वेळेपुढे ती कोणती वेळ आहे हे लिहायचा नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला.

मागणी नोंदवल्यावर डेटा उतरवून घेण्याचा दुवा मिळाला. फाइल मोठी होती, वीज अधूनमधून जात होती, म्हणून तुटलेली उतरवणी जिथल्या तिथून पुढे सुरू करणारी आज्ञा वापरली आणि शेवटी फाइलचा आकार व तिची पडताळणी-बेरीज लिहून ठेवली. ही बेरीज म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून काढलेला एक आकडा असतो. एक बाइट जरी बदलला तरी तो पूर्णपणे वेगळा येतो. प्रत दुसऱ्या डिस्कवर नेली की आकडा पुन्हा काढून जुळवायचा.

मूळ फाइल एलटीए नावाच्या, या दुर्बिणीच्या स्वतःच्या मांडणीत असते. जुन्या हार्डवेअर यंत्रणेच्या काळातल्या एकेका निरीक्षणाच्या तर वरच्या आणि खालच्या बाजूच्या पट्ट्यांसाठी दोन वेगळ्या फाइली असतात, हे मागणी करतानाच लक्षात घ्यावे लागते. तिथून पुढे लिस्टस्कॅन ही आज्ञा निरीक्षणातल्या सगळ्या टप्प्यांची यादी काढून देते, आणि जीव्हीफिट्स ही आज्ञा त्या यादीनुसार एफआयटीएस, म्हणजे फिट्स, या मांडणीतली फाइल तयार करते. या नव्या फाइलला ठरलेले नाव टेस्ट डॉट फिट्स असे पडते. कोणत्याही निरीक्षणातून फाइल काढा, नाव तेच. म्हणून रूपांतर करण्यापूर्वीच यादीत जाऊन नाव बदलायचे, आणि त्या नावात प्रकल्पाचा संकेतांक, तारीख, स्रोत आणि वारंवारता याच क्रमाने यायला हवेत, असे आम्ही ठरवून घेतले.

फिट्सविषयी थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण खगोलशास्त्रातली सगळी जपणूक या मांडणीवर उभी आहे. १९८१ साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने तिला मान्यता दिली. फाइलच्या सुरुवातीला माणसाला वाचता येईल असा शीर्षलेख असतो. त्याची प्रत्येक ओळ ८० अक्षरांची आणि प्रत्येक गठ्ठा ३६ ओळींचा, म्हणजे २,८८० बाइटांचा असतो. त्यात दुर्बीण, वस्तू, तारीख, वारंवारता, स्थान आणि आकड्यांची मांडणी लिहिलेली असते, आणि आकडे त्यानंतर येतात. नवे नियम जोडले तरी जुनी फाइल कधीही अग्राह्य होता कामा नये, हे तत्त्व या मांडणीच्या रक्षकांनी कसोशीने पाळले आहे, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीची फाइल आजही उघडते. विद्यार्थ्यांना शीर्षलेखाचे महत्त्व मी गोव्यातल्या घरोघरी ठाऊक असलेल्या कागदाने सांगितले. जमीन डोळ्यांसमोर असली तरी एक-चौदाच्या उताऱ्यावर सर्व्हे क्रमांक आणि नावे नसतील तर ती कोणाची, कुठपासून कुठपर्यंत, हे ठरवता येत नाही. शीर्षलेखाविना आकड्यांचे तसेच होते. या शीर्षलेखात फक्त साधी रोमन अक्षरे चालतात, म्हणून आमच्या मराठी टिपा वेगळ्या मजकूर-फाइलीत, पण त्याच कप्प्यात ठेवल्या.

तरीही शीर्षलेख पुरत नाही, आणि या कामातली सर्वांत मोलाची शिकवण मला इथेच मिळाली असे मी मानतो. यंत्राने जे ठरवून दिले होते ते शीर्षलेख सांगतो. प्रत्यक्षात काय घडले ते निरीक्षणाच्या नोंदवहीत असते. दुर्बीण चालवणारे कर्मचारी पाळीपाळीने रात्रभर तिथे बसतात आणि कोणता अँटेना दुरुस्तीसाठी बंद आहे, वीज कधी गेली, वारा वाढल्याने थाळ्या कधी थांबवल्या, कोणत्या वारंवारतेवर परका गोंगाट दिसला, हे वेळेसह लिहून ठेवतात. आमच्या निरीक्षणाच्या नोंदीत मध्यवर्ती चौकोनातले दोन अँटेना सुरुवातीच्या काही काळात उपलब्ध नसल्याचे दोन ओळींत लिहिले होते. या दोन ओळींचे महत्त्व आमच्या वस्तूमुळे होते. आकाशात पसरट आणि मंद असलेले उत्सर्जन जवळजवळच्या अँटेनांच्या जोड्यांनाच दिसते. दूरच्या जोड्या बारीक तपशील पाहतात आणि पसरट भाग त्यांना दिसतच नाही. एबेल ३३७६ चे चाप तसेच पसरट आहेत, त्यामुळे मध्यवर्ती चौकोनातले अँटेना कमी असलेल्या काळात चापांची माहिती नेमकी पातळ झालेली असणार. ही नोंद नसती तर त्या काळातले विचित्र आकडे बाहेरच्या गोंगाटाचे समजून आम्ही बरेच अधिक काही काढून टाकले असते. आम्ही कोण आहोत, कशासाठी हे वाचू, याची काहीही कल्पना नसताना कोणीतरी रात्रपाळीत त्या दोन ओळी नीट लिहिल्या, याबद्दल मला त्या अनोळखी व्यक्तीविषयी खरी कृतज्ञता वाटते.

याच टप्प्यावर विद्यार्थिनीने विचारले, “सर, सी०७ या अँटेनाचा डेटा आपल्याला मिळालाच नाही, तो पुन्हा मागवायचा का?” प्रश्न अगदी रास्त होता, कारण यादीत सी०६ नंतर एकदम सी०८ येतो. प्रत्यक्षात सी०७ नावाचा अँटेना अस्तित्वातच नाही. मध्यवर्ती चौकोनातले चौदा अँटेना सी०० पासून सी१४ पर्यंत, सातवा क्रमांक वगळून मोजलेले आहेत. पूर्वेच्या भुजेवर ई०१ नाही आणि दक्षिणेच्या भुजेवर एस०५ नाही. दुर्बिणीजवळच्या माणसांना हे इतके सवयीचे असते की ते लिहावे असे त्यांना वाटत नाही. दूरवरच्या वाचकाला मात्र प्रत्येक रिकामा क्रमांक हरवलेला डेटा वाटतो. तिने हे उत्तर आमच्या टिपांच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले.

अंशांकनाचे, म्हणजे ठाऊक तीव्रतेच्या स्रोतांशी ताडून आकडे सुधारण्याचे, काम त्या मानाने सरळ गेले. निरीक्षणाच्या सुरुवातीला आणि शेवटी ३सी ४८ किंवा ३सी १४७ यांसारखा तेजस्वी, ज्याची तीव्रता पक्की ठाऊक आहे असा स्रोत पाहिलेला असतो, आणि मधूनमधून लक्ष्याजवळचा एक स्रोत काही मिनिटे पाहून अँटेनांचे बदलते वर्तन सुधारता येते. कमी वारंवारतेवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, त्रास होतो, म्हणून मिळालेल्या प्रतिमेच्याच आधारे पुन्हा पुन्हा सुधारणा करावी लागते. डेटाच्या जपणुकीशी यातली एक बाब थेट जोडलेली आहे. त्या मानक स्रोतांची तीव्रता ‘पक्की ठाऊक’ असते ती एखाद्या मोजपट्टीनुसार, आणि अशा मोजपट्ट्या एकाहून अधिक आहेत. १९७७ ची बार्स यांची पट्टी जुन्या लेखांत सर्रास दिसते, तर पर्ली आणि बटलर यांची २०१७ ची पट्टी आज वापरात आहे. कमी वारंवारतेवर त्यांच्यात फरक पडतो. ‘या चापाची तीव्रता इतकी’ असे लिहून पट्टीचे नाव न लिहिणे म्हणजे मोजमाप निम्मेच लिहिणे होय.

संगणकप्रणालीच्या बाबतीतही हेच. आम्ही रेडिओ डेटावरून प्रतिमा तयार करणारी कासा ही प्रणाली वापरली. तिच्या सहाव्या आवृत्तीपासून ती पायथन या संगणकभाषेच्या तिसऱ्या पिढीवर चालते, त्यामुळे त्याआधीच्या काळात लिहिलेल्या कित्येक आज्ञावल्या तशाच्या तशा चालत नाहीत. सुधारित जीएमआरटीच्या डेटासाठी ऋता काळे आणि ईश्वर-चंद्र यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेली कॅप्चर नावाची आज्ञावली सर्वांना खुली आहे. ती वाचूनच, कोणता टप्पा कोणत्या क्रमाने आणि का घ्यायचा, हे विद्यार्थ्यांना समजले. जे संशोधक प्रतिमेबरोबर आपली कृतीही खुली ठेवतात, त्यांचे आमच्यासारख्या छोट्या गावातल्या महाविद्यालयांवर फार मोठे ऋण आहे.

आमच्या स्वतःच्या साठवणुकीचा प्रश्न लवकरच उभा राहिला. अंशांकन सुरू झाले की कासा मूळ आकड्यांशेजारी सुधारित आकडे आणि प्रतिरूपाचे आकडे लिहू लागते, त्यामुळे संच पाहता पाहता तिप्पट होतो. त्यातच प्रत्येक फेरीच्या प्रतिमा साठत जातात. महाविद्यालयाच्या संगणकावर सगळेच ठेवणे शक्य नव्हते. माझे मत असे झाले आहे की मधल्या अवस्थेतल्या मोठ्या फाइली निर्धास्तपणे पुसाव्यात आणि ज्यांच्यापासून त्या पुन्हा तयार होतात त्या छोट्या गोष्टी मात्र जिवापाड जपाव्यात. मूळ फाइल आणि तिची पडताळणी-बेरीज, निरीक्षणाची नोंद, काढून टाकलेल्या आकड्यांची यादी कारणांसह, अंशांकनाचे तक्ते, आज्ञावली, प्रणालीची आवृत्ती आणि अंतिम प्रतिमा एवढे असले की बाकी सगळे पुन्हा उभे राहते. यातली मूळ फाइल सोडली तर उरलेल्याचा आकार एका साध्या पेन ड्राइव्हमध्ये मावेल इतका आहे. आम्ही दोन डिस्क घेतल्या. एक महाविद्यालयात आणि एक दुसऱ्या इमारतीत ठेवली. गोव्याच्या पावसाळी दमटपणात धातूच्या जोडण्या गंजतात, म्हणून त्या हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवल्या आणि दर तीन महिन्यांनी चालवून बेरीज जुळवण्याचे काम वाटून दिले.

अशा जपणुकीतून काय निष्पन्न होते याचे सर्वांत मोठे उदाहरण याच दुर्बिणीचे आहे. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर दक्षिण क्रांती ५३ अंशांच्या उत्तरेचे सगळे आकाश पाहून घेतले. त्यासाठी दोन हजारांहून अधिक तास लागले. त्या मूळ डेटावर पुढे ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी, आयनांबराचा परिणाम दिशेनुसार दूर करणारी नवी पद्धत वापरून, सगळे काम पुन्हा केले आणि २०१७ साली सुमारे ३६,९०० चौरस अंशांच्या प्रतिमा व ६.२ लाख स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. निरीक्षण झाले तेव्हाची पद्धत आणि डेटावर अखेरीस वापरलेली पद्धत वेगळी होती. मूळ आकडे जपलेले असल्यामुळेच पद्धत सुधारल्यावर त्यांच्याकडे परत जाता आले. आमचा समूहही त्या आकाशभागात येतो. ३२५ मेगाहर्ट्झच्या आमच्या प्रतिमेत पूर्वेचा चाप स्पष्ट आणि पश्चिमेचा विखुरलेला आला, तेव्हा भोवतीच्या बिंदुरूप स्रोतांची स्थाने या सूचीशी जुळवून पाहता आली आणि ती जुळली. प्रसिद्ध झालेल्या चित्रांतही दोन्ही चापांचे स्वरूप असेच आहे. यात आम्ही नवे काही शोधले नाही, पण कोट्यवधी संख्यांच्या फाइलीतून दोन विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने तिथवर येणे मला फार महत्त्वाचे वाटते.

पुढच्या वर्षी नव्या तुकडीला मी प्रतिमा दाखवली नाही. त्यांना फक्त डिस्क आणि टिपांची फाइल दिली आणि तेवढ्यावरून चाप काढून दाखवा असे सांगितले. आधीचे दोघे तोवर पदवी घेऊन बाहेर पडले होते. नव्या मुलांनी टिपांतल्या क्रमाने काम केले, सुरुवातीच्या काळातले आकडे का काढले आहेत याचे कारण नोंदवहीतल्या दोन ओळींच्या प्रतीत त्यांना सापडले, आणि आलेली प्रतिमा मागच्या प्रतिमेवर ठेवून पाहिली तेव्हा दोन्ही चाप जागच्या जागी होते.

स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीच्या उभारणीत भारत सहभागी आहे, आणि तिचा संग्रह दरवर्षी सुमारे ७०० पेटाबाइटने (एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट) वाढेल असा अंदाज सांगितला जातो. तेवढा डेटा कोणी आपल्या गावी उतरवून घेणार नाही. तो जिथे असेल तिथेच आज्ञावली पाठवावी लागेल, आणि त्यासाठी कृती नेमकेपणाने लिहिण्याची सवय आतापासून हवी. आमची सध्याची मागणी त्यापुढे अगदी लहान आहे. सुधारित जीएमआरटीच्या २५० ते ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला एक संच आम्ही निवडला आहे. त्यासाठी मोठी डिस्क घेतली आहे, फाइलींच्या नावांचा क्रम तोच ठेवला आहे, आणि चतुर्थीची सुट्टी संपली की उतरवणीला सुरुवात करायची असे मुलांनी ठरवले आहे.